शुक्राचा आठाचा हिशोब

२०२५च्या फेब्रुवारीत यवतमाळ, वणी, पुसदच्या शिवारातून संध्याकाळी पश्चिमेला पाहिलं असेल, तर शुक्राची ठसठशीत चांदणी आठवत असेल. मार्चमध्ये ती सूर्याच्या उजेडात बुडाली. पंचांग याला शुक्राचा अस्त म्हणतं, आणि लग्नाचे मुहूर्त अडतात! २०१७च्या मार्चमध्येही हेच झालं होतं. २०३३मध्येही होईल.

मध्ये दरवेळी आठच वर्षं का? शुक्र सूर्याभोवती सुमारे २२४.७ दिवसांत फिरतो. पृथ्वीच्या आठ फेऱ्या होतात, तेव्हा त्याच्या जवळजवळ तेरा. म्हणजे या काळात तो पृथ्वीला पाच वेळा मागे टाकतो. ती पाच ठिकाणं कागदावर मांडून एक सोडून एक जोडली, की पाच टोकांची चांदणी उमटते. आर्यभटानं ४३,२०,००० वर्षांत शुक्राच्या ७०,२२,३८८ फेऱ्या सांगितल्या. भागून पाहा, तेराला आठाच्या अगदी जवळचं उत्तर येतं.

 

८ जून २००४ला शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना भारतातून दिसला, पुन्हा ६ जून २०१२ला, सूर्योदयापासूनच. मग २०२० का रिकामं गेलं? कारण हिशोब पुरता जुळत नाही. दर आठ वर्षांनी शुक्र सुमारे अडीच दिवस आधी येतो आणि तिसऱ्या खेपेला बिंबाला चुकवून निघून जातो. पुढची जोडी डिसेंबर २११७ आणि डिसेंबर २१२५.