डाळिंबाच्या मुळातील मित्रबुरशी

सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या भागात बुरशी म्हटली की आधी आठवते ती डाळिंबाची मर. पाने पिवळी पडतात, एक फांदी वाळते आणि बघता बघता उभे झाड जाते. मुळांवाटे शिरून झाडाच्या पाण्याच्या नळ्या बंद करणारी सेराटोसिस्टिस ही बुरशी त्याचे एक मोठे कारण. मग बुरशीनाशकाची आळवणी करावी लागते. पण मंडळी, घरात शिरलेला प्रत्येक जण चोर नसतो. एखादा राखणदारही असतो.

याचा दाखला पनामा देशातला. ज्याच्या बियांपासून चॉकलेट करतात, त्या कोकोच्या निरोगी पानांत अनेक जातींची बुरशी राहते. शास्त्रज्ञांनी काही पानांत ती वसवली, काही पाने तशीच ठेवली आणि दोहोंवर रोग सोडला. बुरशी असलेल्या पानांचे नुकसान कमी झाले. हा प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला.

आतली बुरशी ओळखायची कशी? पान धुऊन स्पिरिटात व ब्लीचच्या पाण्यात बुडवतात, म्हणजे वरची बुरशी मरते. मग त्याचे तुकडे बटाट्याच्या खळीवर ठेवतात. तुकड्यातून तंतू निघाले की ती आतली. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे बीजाणू पाहून जात ठरवतात. पण नाव कळले म्हणजे स्वभाव कळला असे नाही. तो रोपांवर पारखूनच घ्यावा लागतो.

डाळिंबाच्या मुळातही असा एक सोबती असतो, मायकोरायझा. त्याचे तंतू मुळांच्या पलीकडे जाऊन स्फुरद आणतात आणि झाडाकडून साखर घेतात. मात्र तो जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, म्हणून खळीवर दिसत नाही. ज्वारीच्या मुळांवर तो छान पोसतो, आणि ज्वारी तर आपल्या घरचीच!

शिक्षकांनी हा सोबती मुलांना जरूर दाखवावा. ज्वारीची बारीक मुळे धुऊन दहा टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये पारदर्शक होईपर्यंत उकळावीत. हे द्रावण कातडी भाजते, तेव्हा हे काम हातमोजे व चष्मा घालून शिक्षकांनीच करावे. मुळे पुन्हा धुऊन, व्हिनेगरमध्ये थोडी शाई घालून त्यात तीन मिनिटे उकळावीत. मग सूक्ष्मदर्शकात निळे तंतू, फुगे आणि पेशीच्या आत इवल्या झुडपासारख्या फांद्या दिसतात.

बागायतदारांना एवढेच सांगणे: मर दिसली तर आधी कारण तपासून घ्या. आपल्या सोलापुरात २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झाले आहे, तिथे विचारा. ट्रायकोडर्मा सोडायचा आणि त्याच आठवड्यात बुरशीनाशक ओतायचे, हे एका हाताने पेरून दुसऱ्या हाताने उपटण्यासारखे आहे. शेणखत कमी पडू देऊ नका. शत्रूवर घाव घालताना राखणदार मरू नये, एवढे सांभाळा.