कॉलेजच्या कपाटात अडकलेला दाखला

(एपिसोडचं लेखी रूप. ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी. बोलण्यातले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ काढलेत, बाकी तसंच ठेवलंय.)

आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यू टिप्स नाहीत. आज एका दाखल्याची गोष्ट सांगायची आहे. कोविड संपला असं आपण सगळे म्हणतो, पण माझ्या मावसभावासाठी तो गेल्या वर्षापर्यंत चालू होता. एका कॉलेजच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात.

आधी थोडं माझ्याबद्दल. मी बीटेक, २०२० ची बॅच. ‘कोविड बॅच’ म्हणून जिची टिंगल होते ना, तीच. आमच्या शेवटच्या सेमिस्टरच्या परीक्षेचं काय झालं ते आठवतंय? १९ जून २०२० ला राज्य सरकारने परीक्षा रद्द केल्या. ६ जुलैला यूजीसीने सांगितलं, अंतिम वर्षाच्या परीक्षा झाल्याच पाहिजेत. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २८ ऑगस्टला निकाल आला. परीक्षा न घेता विद्यार्थ्यांना पास करता येणार नाही, फार तर राज्याने तारीख पुढे ढकलून मागावी. शेवटी ऑक्टोबरमध्ये मी घरच्या पलंगावर बसून मोबाईलवर एमसीक्यू सोडवले आणि इंजिनिअर झालो.

तेव्हा वाटायचं, आपलंच केवढं नुकसान झालं! पण माझी नोकरी दोन महिने उशिरा सुरू झाली, एवढंच. खरं नुकसान माझ्या मागच्या बॅचचं झालं. मावसभाऊ त्याच बॅचचा.

त्याने २०२० साली बारावी केली. सीईटी लांबली, प्रवेश लांबले, जानेवारी २०२१ मध्ये त्याला पुण्याजवळच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात जागा मिळाली. कॉलेजचं नाव घेणार नाही. काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, पहिला हप्ता भरला. होस्टेलचे पैसेही मागितले, तेही थोडे भरले. होस्टेल बंद होतं! पोरगं लातूर जिल्ह्यातल्या गावात, गच्चीवर रेंज शोधत लेक्चर ऐकत होतं. त्या होस्टेलात तो एक रात्रही झोपला नाही.

एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत काका गेले. आठ दिवसांत. त्यावर मी जास्त बोलणार नाही.

भावाने पहिल्या वर्षाची परीक्षा कशीबशी दिली आणि मग गावातलं झेरॉक्सचं दुकान सांभाळायला बसला. कॉलेजला कळवलं? नाही. कोणाला सुचणार होतं ते? इथे एक चूक झाली, ती आमच्या घरची चूक आहे, म्हणून आधीच सांगतो: प्रवेश रद्द करण्याचा लेखी अर्ज दिला नाही. त्यामुळे कॉलेजच्या सिस्टीममध्ये तो विद्यार्थीच राहिला.

दोन वर्षांपूर्वी एका भरतीत त्याचं नाव लागलं. कागदपत्र पडताळणीची तारीख आली. मार्कशीट डिजिलॉकरवर होती. पण ज्युनियर कॉलेजचा मूळ दाखला आणि जातीचं मूळ प्रमाणपत्र प्रवेशाच्या वेळी कॉलेजने जमा करून घेतलं होतं. फोन केला तर क्लार्क म्हणाला, “९२,००० बाकी आहेत. भरा आणि घेऊन जा.”

त्याने घरात कोणालाच सांगितलं नाही. पडताळणीची तारीख निघून गेली. नोकरी गेली.

मला हे कळलं वर्षभराने, गणपतीला गावी गेलो तेव्हा. मावशी सहज म्हणाली, “याचा दाखला अडकलाय रे, तू शिकलेला आहेस, बघ काही होतंय का.” मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, “मला का नाही सांगितलंस?” तो म्हणाला, “दादा, पैसे आपल्याकडेच बाकी आहेत ना. मग भांडायचं कशाच्या जोरावर?”

हे वाक्य लक्षात ठेवा. आजचा सगळा एपिसोड या वाक्यावर आहे. कारण माझ्याकडे बरेच मेसेज येतात: फी बाकी आहे म्हणून टीसी अडकलाय, स्कॉलरशिपचा हप्ता आला नाही म्हणून निकाल अडकलाय. आणि प्रत्येकाला वाटतं, चूक आपलीच आहे, मग तोंड कुठल्या तोंडाने उघडायचं.

आता मी काय केलं ते सांगतो. आधी माझा मूर्खपणा. मी इंजिनिअर, मला शॉर्टकट लगेच दिसतो. म्हटलं, ज्युनियर कॉलेजात जाऊ, दाखला हरवला म्हणून प्रतिज्ञापत्र देऊ, डुप्लिकेट काढू, विषय संपला. भाऊ तयार पण झाला. नशीब, स्टॅम्प पेपर घ्यायला तालुक्याच्या कोर्टात गेलो, तिथे ‘तालुका विधी सेवा समिती’ अशी पाटी दिसली आणि आत जाऊन विचारलं. आतल्या वकीलबाईंनी शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न केला, “हरवलाय का?” म्हटलं, “नाही, कॉलेजकडे आहे.” “मग शपथेवर खोटं का लिहिताय? चूक त्यांची आहे, गुन्हा तुमच्या नावावर कशाला घेताय?”

मी खरंच ओशाळलो.

या समितीबद्दल आधी सांगतो, कारण मला तिशीला येईपर्यंत हे माहीत नव्हतं. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७. त्याच्या कलम १२ प्रमाणे काही लोकांना वकील आणि कायदेशीर मदत मोफत मिळते. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. मुलींनो, हे नीट ऐका, तुमच्या घरचं उत्पन्न कितीही असलं तरी हा हक्क आहे. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, ओळखपत्र आणि एक साधा अर्ज लागतो. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, तालुक्याला समिती असते. फोनवरून विचारायचं तर राष्ट्रीय हेल्पलाइन १५१००.

वकीलबाईंनी आमचा गुंता दोन भागांत तोडला. त्या म्हणाल्या, “फी बाकी आहे का, हा एक प्रश्न. कागद अडवता येतात का, हा दुसरा. तुम्ही दोन्ही एकाच पिशवीत घालून फिरताय.”

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं निघालं. यूजीसीची ऑक्टोबर २०१८ ची अधिसूचना आहे. फी परताव्याबद्दल आणि मूळ कागदपत्रं ठेवून न घेण्याबद्दल. प्रवेशाच्या वेळी कॉलेजने मूळ कागद विद्यार्थ्यासमोर तपासायचे, स्वसाक्षांकित प्रती ठेवायच्या आणि मूळ कागद लगेच परत द्यायचे. म्हणजे जानेवारी २०२१ मध्ये ते कागद जमा करून घेणंच चूक होतं.

त्याच्या पुढे यूजीसीचे २०२३ चे विद्यार्थी तक्रार निवारण विनियम आहेत. त्यात ‘तक्रार’ म्हणजे काय याची यादी आहे. त्या यादीत अगदी आमचाच प्रकार आहे: जो अभ्यासक्रम विद्यार्थ्याला पुढे करायचाच नाही, त्याची फी भरायला लावण्यासाठी प्रवेशावेळी जमा केलेले कागद अडवून ठेवणं. मी ते वाचलं तेव्हा वाटलं, आमची केस बघूनच कोणी लिहिलंय की काय!

रस्ता असा आहे. आधी विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी तक्रार करायची. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील. कोर्ट त्याच्या नंतर. आणि हो, खोटी तक्रार केली तर लोकपाल तक्रारदारावरही कारवाईची शिफारस करू शकतो, तेव्हा मसाला लावायचा नाही.

आता पहिला प्रश्न, पैशांचा. कॉलेजला वाटत असेल की पैसे बाकी आहेत, तर त्यांनी लेखी हिशेब द्यावा, गरज पडली तर दिवाणी दावा करावा. दाखला ओलीस ठेवणं हा वसुलीचा मार्ग नाही. आणि दाव्यालाही मुदत असते. पैशांच्या बहुतेक दाव्यांना ती सर्वसाधारणपणे तीन वर्षं आहे. कोविडमुळे सुप्रीम कोर्टाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला होता. म्हणजे त्या काळातल्या बाकीची तीन वर्षं १ मार्च २०२२ पासून मोजायची आणि ती २०२५ च्या फेब्रुवारीअखेर संपली.

पण थांबा, ही तलवार दुधारी आहे. तुम्हाला कॉलेजकडून पैसे परत हवे असतील तर हीच मुदत तुम्हालाही लागते. २०२०-२१ साठी यूजीसीने सांगितलं होतं की ३० नोव्हेंबर २०२० पर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, आणि ३१ डिसेंबरपर्यंत केला तर जास्तीत जास्त १,००० रुपये कापून परत. खूप जणांना ते माहीत नव्हतं. आज त्यासाठी दावा करायला गेलात तर कोर्ट आधी तारीखच विचारेल. म्हणून ‘बघू पुढे’ म्हणू नका.

आणि ग्राहक मंचात जावं का, असं बरेच जण विचारतात. २०१० साली सुप्रीम कोर्टाने एका विद्यापीठाच्या प्रकरणात म्हटलंय की विद्यार्थी हा ग्राहक नाही. त्यामुळे कॉलेजविरुद्ध तो रस्ता भरवशाचा नाही.

आम्ही काय केलं? मी माझं ऑफिसचं डोकं लावलं. प्रॉडक्शनमध्ये काही फुटलं की आपण आधी लॉग बघतो, आरडाओरडा नंतर. तसंच एका कागदावर तारखा लिहिल्या. प्रवेश कधी, पावती कोणती, परीक्षा कधी, काकांचा मृत्यूचा दाखला, फोन कधी केला, कोण काय म्हणालं. जुन्या मोबाईलमधून पावत्यांचे स्क्रीनशॉट काढले. व्हॉट्सअ‍ॅपवर कॉलेजच्या ग्रुपमध्ये ‘होस्टेल पुढील आदेशापर्यंत बंद’ अशी नोटीस सापडली. ती सोन्यासारखी ठरली.

मग वकीलबाईंनी एक पानाची तक्रार लिहून दिली. एकच पान. दोन मागण्या: मूळ कागद परत द्या, आणि बाकीचा तपशीलवार लेखी हिशेब द्या. ईमेल केला आणि पोस्टाने रजिस्टर एडी पण पाठवलं.

पाचव्या दिवशी फोन. “तो आता आमचा विद्यार्थी नाही, त्याची तक्रार घेता येत नाही.” भावाने फोन स्पीकरवर ठेवला होता. मी काही बोलणार इतक्यात तोच म्हणाला, “सर, विद्यार्थी नाही तर तिसऱ्या वर्षाची फी कशी लावली?”

पलीकडे शांतता. मी आयुष्यात इतकी सुंदर शांतता ऐकली नाही. [हशा]

मग हिशेब आला. ९२,००० मध्ये दुसरं वर्ष होतं, तिसरं वर्ष होतं आणि बंद होस्टेलचं उरलेलं भाडंही होतं. पहिल्या वर्षाची खरी बाकी निघाली ११,५००. ती आम्ही नाकारली नाही. ते वर्ष तो शिकला होता, परीक्षा दिली होती. मुदतीचा मुद्दा काढता आला असता, पण भाऊ म्हणाला, “बाबांनी कबूल केलेले पैसे आहेत, ते देऊ.” तडजोड कागदावर झाली: दोन हप्ते, बाकी सगळं माफ, ‘काही येणे नाही’ असं पत्र आणि मूळ कागद आधी. एकोणिसाव्या दिवशी आम्ही ते कागद हातात घेतले.

दाखल्याला घडी पडून पडून मधून फाटायला आला होता. भावाने तो बसमध्ये सगळा वेळ मांडीवर धरून ठेवला.

ती गेलेली नोकरी परत आली नाही. कुठल्याच अर्जाने येणार नाही. त्याने नवीन भरतीला अर्ज भरलाय, सकाळी पळायला जातो, दुपारी दुकान. आणि दुकानात एक नवीन काम सुरू झालंय. गावातली पोरं येतात, “दादा, कॉलेजला अर्ज लिहायचाय.” तो लिहून देतो. झेरॉक्सचे दोन रुपये घेतो, अर्जाचे नाही.

तुमच्यापैकी कोणाचा कागद अडकला असेल तर या आठवड्यात तीन गोष्टी करा. एक, तारखांचा कागद बनवा. दोन, लेखी मागा, फोनवर नाही. तोंडी नकाराला पुरावा नसतो. तीन, कॉलेज सोडत असाल तर प्रवेश रद्द करण्याचा अर्ज द्या आणि पोच घ्या. स्कॉलरशिपचा घोळ असेल तर महाडीबीटीवरच्या अर्जाची स्थिती छापून ठेवा. सरकारी विद्यापीठाकडून माहिती हवी असेल तर १० रुपयांत माहिती अधिकार आहे, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मी वकील नाही, तेव्हा तुमच्या केसचं नेमकं काय ते वकिलालाच विचारा. फक्त वकील परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. १५१००.

आणि घरात सांगा. चूक तुमची असली तरी सांगा. माझ्या भावाचं एक वर्ष कॉलेजने अडवलं, दुसरं त्याच्या गप्प बसण्याने गेलं.

चला, भेटू पुढच्या एपिसोडला. काळजी घ्या.