वाडीतले नवे छप्पर



आपणांपैकी ज्यांचे वडिलोपार्जित घर कोकणात आहे, आणि त्या घराशेजारी माडापोफळीत वाचनासाठी किंवा सुटीत येणाऱ्या नातवंडांसाठी एखादी लहानशी नवी वास्तू उभारावी असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांच्याशी वास्तुशिल्पी या नात्याने चार गोष्टी बोलाव्यात, म्हणून आपल्या मंडळाचे हे निमंत्रण मी आनंदाने स्वीकारले.

इंग्लंडात राहणाऱ्या आपणां सर्वांच्या येथील बागघर नित्य पाहण्यातले आहे. हर्टफर्डशायरमधील एयॉट सेंट लॉरेन्स या खेड्यात बर्नार्ड शॉ ज्या लाकडी खोपीत बसून लिहीत, ती खोपी सूर्याच्या गतीप्रमाणे फिरवता येत असे; कारण या देशात ऊन हे दुर्मिळ धन आहे. कोकणात वैशाखातले ऊन आणि आषाढातली झड या दोहोंकडे पाठ फिरवावी लागते. उमेदीच्या काळात मला हे उमगले नव्हते. वेंगुर्ल्याकडील एका वाडीत समुद्राचे दर्शन घडावे म्हणून मी पश्चिमेला भिंतभर काच बसवली. पहिल्याच पावसाळ्यात चौकटींतून पाणी आत शिरले, आणि पुढच्या उन्हाळ्यात दुपारच्या वेळी त्या खोलीत कोणी बसेना. ती खोली अद्याप माझ्या मनात सलते.

वास्तविक आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाचे उत्तर मांगरात देऊन ठेवले आहे. घरापासून सुटा, गुरांसाठी किंवा गवत-नारळ साठविण्यासाठी बांधलेला तो मांगर प्रथम छप्पर असतो आणि मग भिंती. त्याची वळचण भिंतीच्या पुष्कळ पुढे आलेली असते, आणि पावसाच्या तोंडावर वाऱ्याच्या बाजूला झापांचा आडोसा बांधला की त्याची वर्षाची बेगमी होते. नव्या वास्तूचा आराखडा करताना हाच क्रम पाळावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे: कौलांना भरपूर उतार, वळचण निदान तीन फूट, पागोळ्या पडतील तेथे दगडी चर, आणि लाकडी खांब जमिनीत न पुरता तळखड्यावर, म्हणजे ओल आणि वाळवी त्याला सहजी गाठणार नाही. चौथरा जांभ्याचा असावा. हा दगड खाणीतून निघताना तासता येण्याइतका मऊ असतो आणि हवेत राहून कठीण होतो. मलबारात तो विटेप्रमाणे कापून वापरतात हे पाहूनच फ्रान्सिस बुकानन याने 1807 मध्ये लॅटिनमधील विटेच्या शब्दावरून त्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. चांगल्या चिऱ्यावर गिलावा चढविणे मला अन्यायाचे वाटते.

असे केल्याने वास्तू जुनाट होईल ही भीती निराधार आहे. अलिबागनजीक नांदगावला स्टुडिओ मुंबईच्या बिजॉय जैन यांनी 2007 साली माडांच्या बागेत दोन सुट्या लाकडी वास्तू उभ्या केल्या, आणि भिंतींच्या जागी ताडाच्या खोडाच्या पट्ट्यांच्या झडपा योजल्या. वारा आत येतो, ऊन गाळून येते, आणि तरीही ती कृती सर्वस्वी आजची आहे. श्रीलंकेत बेंतोटाजवळ जेफ्री बावा यांनी 1948 साली लुनुगंगा ही रबराची जुनी इस्टेट घेतली आणि पुढे सुमारे अर्धशतक तिच्या उतारांच्या अनुरोधाने एकेक लहान दालन तिच्यात घालीत गेले. घाई न करण्याचे एवढे सामर्थ्य मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

दस्तऐवजांचे थोडक्यात सांगतो. सातबारावर सामाईक नावे असतील तर पायाचा चर खणण्यापूर्वी सर्वांची लेखी संमती घ्यावी. जागा गावठाणात आहे की शेतजमिनीत, बिनशेतीची परवानगी लागते की काय, किनाऱ्याच्या निर्बंधांची हद्द कोठवर येते, याची चौकशी तहसील कचेरीत आणि ग्रामपंचायतीत स्वतः करावी. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट तोंडी सांगून भागत नाही.

जागेविषयी मात्र सावकाश बोलले पाहिजे. माडांची लागवड सामान्यतः 25 फुटांवर असते. चार माडांच्या मध्ये 12 फुटी चौरस छप्पर घातले तर दोन्ही अंगांना साडेसहा फूट मोकळे राहतात, म्हणून एकही झाड तोडावे लागत नाही, आणि माड झुकलेला नसेल तर नारळही कौलांवर पडत नाही. पण वाडीतले पाणी कोणत्या वाटेने उतरते हे नकाशात दिसत नाही. आपण बहुधा डिसेंबरात गावी जाता, तेव्हा जमीन कोरडी आणि सर्वच जागा सारख्याच सोयीच्या भासतात. एकदा आषाढात जा. मनात योजलेल्या जागी चार खुंट्या ठोका, समोरच्या पडवीत बसून आठ दिवस पाऊस पाहा, आणि पाणी त्या खुंट्यांमधून वाहू लागले तर त्या उपटून दहा पावले वर न्या.