सहा फुटांचे अंतर



चिकाटीचा विचार करताना मला जर्मन गोल्फपटू बर्नहार्ड लँगर आठवतो. १९५७ साली बव्हेरियातील एका खेड्यात, गवंड्याच्या घरी तो जन्मला. बालपणी इतरांच्या गोल्फच्या काठ्या वाहणाऱ्या या मुलाने पंधराव्या वर्षी खेळ हाच व्यवसाय पत्करला. पुढे चेंडू खळगीत ढकलताना हातच झटके देऊ लागले. हा विकार पुन्हा पुन्हा उद्भवला आणि तो काठी धरण्याची रीत पालटून नव्याने शिकत राहिला. १९८५ साली मास्टर्स स्पर्धा जिंकूनही मन रितेच होते. त्याच सुमारास, बायबलच्या अभ्यासवर्गात, त्याला येशूवरील श्रद्धा गवसली.

१९९१ च्या रायडर कपमध्ये अखेरच्या लढतीत सहा फुटांवरून त्याचा फटका हुकला आणि युरोपने करंडक गमावला. पुढच्याच आठवड्यात त्याने मायदेशातील स्पर्धा जिंकली. १९९३ च्या ईस्टर रविवारी पुन्हा मास्टर्स.

श्रद्धेने तो फटका साधून दिला नाही, हे ध्यानात घ्यावे. हुकल्यानंतर पुन्हा उभे राहण्याचे बळ मात्र दिले. गुणपत्रिकेवरून मुलांचे मोल ठरवणाऱ्या आपण शिक्षक-पालकांनी हे बळ त्यांना दिले आहे काय?