पेशंटचे तुम्ही कोण?



तालुक्याच्या इस्पितळाची पायरी आपल्यापैकी बहुतेकांनी केव्हा ना केव्हा चढलेली असेल. दारावरचा माणूस एकच प्रश्न विचारतो, "पेशंटचे तुम्ही कोण?" आपण म्हणतो, "भाऊ", "सून", "चुलता", आणि दार उघडते. पण ज्याच्यापाशी असे एका शब्दाचे उत्तर नाही, त्याने काय करावे?

अमेरिकेतली एक हकीगत ऐका. लिसा पाँड आणि जॅनिस लँगबेन या दोघी स्त्रिया जवळजवळ अठरा वर्षे एकत्र संसार करीत होत्या. चार मुले त्यांनी दत्तक घेतली होती. फेब्रुवारी २००७ मध्ये मुलांना घेऊन त्या बोटीच्या सफरीसाठी मायामी शहरी आल्या. बोट सुटण्याआधीच लिसाबाई कोसळल्या. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. त्यांना इस्पितळात नेले. जॅनिसबाईंच्या सांगण्याप्रमाणे, त्या आणि मुले कितीतरी तास बाहेरच बसून राहिली. लिसाबाईंच्या वतीने उपचारांचा निर्णय घेण्याचे मुखत्यारपत्र जॅनिसबाईंच्या नावे होते. तेही मागवून इस्पितळाकडे पोचविले. पण शेवटचा धर्मविधी करायला पाद्री आले तेव्हा काय ती पाचेक मिनिटांची भेट झाली. दुसऱ्या दिवशी लिसाबाई वारल्या. वय अवघे ३९.

जॅनिसबाई कोर्टात गेल्या. इस्पितळाने भेदभाव केल्याचे नाकारले. २००९ मध्ये न्यायाधीशांनी दावा काढून टाकला, कारण भेटू द्यावे अशी सक्ती इस्पितळावर करणारा कायदाच नव्हता. कोर्टात हार झाली खरी, पण गोष्ट वाया गेली नाही. १५ एप्रिल २०१० रोजी अध्यक्ष ओबामा यांनी आरोग्य खात्याला लेखी आदेश दिला, आणि १८ जानेवारी २०११ पासून नवा नियम अमलात आला. सरकारी आरोग्यविम्याचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक इस्पितळाला तो लागू झाला. आपल्याला कोणी भेटावे हे रोग्याने सांगायचे. मग तो नवरा असो, बायको असो, समलिंगी जोडीदार असो, नातलग असो की मित्र. उपचाराच्या दृष्टीने जरूर असेल तर डॉक्टर भेट थांबवू शकतात, पण माणूस पाहून भेदभाव करता येत नाही.

या आदेशात आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी होती. ज्यांना मूलबाळ नाही अशा विधवा आणि विधुर यांचाही त्यात उल्लेख होता. जवळचा म्हणून ज्यांना फक्त एखादा स्नेही आहे, त्यांनाही हाच त्रास होतो. म्हणजे एका जोडप्याच्या दुःखातून निघालेली वाट पुष्कळांच्या उपयोगी पडली.

आता आपल्याकडे पाहू. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी निकाल दिला, की दोन सज्ञान समलिंगी माणसांचे राजीखुशीचे संबंध हा गुन्हा नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मात्र त्यांच्या विवाहाला कायद्याची मान्यता मिळाली नाही. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठविले, की जवळचे नातलग उपलब्ध नसतील तेव्हा जोडीदाराला मृतदेह ताब्यात मागता यावा. हे बरे झाले. पण श्रोतेहो, मनात येते, की मरणानंतर ज्याच्या हाती देह सोपवायचा, त्याला जिवंतपणी उशाशी बसू द्यायला काय हरकत आहे?

आपण म्हणाल, "आमच्या गावात असे कोणी नाही." नसेलही, किंवा असेल, आणि भीतीने बोलत नसेल. शेतावर एकत्र राबणाऱ्या, एका चुलीवर जेवणाऱ्या दोन मैत्रिणींना गाव "बहिणी-बहिणी" म्हणून चालवून घेते. इस्पितळाच्या कागदावर मात्र ती बहीण चालत नाही.

एक उपयोगाची गोष्ट सांगून ठेवतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यान्वये कोणाही सज्ञान माणसाला आपला प्रतिनिधी आधीच नेमून ठेवता येतो. साधा कागद, त्यावर सही किंवा अंगठा, एवढे पुरे. तो प्रतिनिधी नातलगच असला पाहिजे असे नाही, आणि त्याचा मान नातलगाच्या आधी. हा कायदा मनाच्या आजारापुरता आहे हे खरे. पण रोग्याने ज्याचे नाव सांगितले तो त्याचा, हे तत्त्व त्याने मान्य केले आहे. शरीराच्या आजारालाही ते लागू व्हायला हवे.

शिक्षक बंधु-भगिनींना एक विनंती. गावात अर्ज लिहायला, कागद वाचायला लोक तुमच्याकडेच येतात. असा कागद लिहून घ्यायला कोणी आले, तर "हा तुझा कोण?" असे चारचौघांत विचारू नका. नाव विचारा, लिहून घ्या, आणि गोष्ट आपल्यापाशी ठेवा.

आणि आपण सर्वांनी एवढे करावे. इस्पितळाच्या बाकावर कोणी रात्रभर ताटकळत बसलेले दिसले, आणि नाते सांगताना त्याची जीभ अडखळली, तर त्याच्या बाजूने दोन शब्द बोलावेत. रोगी शुद्धीवर असेल तर त्यालाच विचारा म्हणावे, "तुम्हांला कोण जवळ हवे?" तो ज्याचे नाव घेईल, तोच त्याचा माणूस.