फुरसतीचे वाचन आणि आपला हक्क

(वर्षावास-समाप्तीनंतरच्या रविवारी बुद्धविहारात जमलेल्या कुटुंबांसमोर केलेले भाषण)



आषाढ पौर्णिमेस आपण या विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ वाचावयास घेतला आणि आश्विन पौर्णिमेस त्याचे वाचन पूर्ण केले. दिवसभराचे काम आटोपून, चिखल तुडवीत, लहान मुलांना कडेवर घेऊन आपण तीन महिने येत राहिलात, याबद्दल मी आपले अभिनंदन करतो. आपल्यापैकी बऱ्याच कुटुंबांनी धम्मदीक्षा घेऊन अद्याप फार दिवस झालेले नाहीत. म्हणूनच एका गृहस्थांनी परवा मला विचारलेला प्रश्न पुष्कळांच्या मनात असावा. ते म्हणाले, “वकीलसाहेब, ग्रंथवाचन संपले. आता पोरे गोष्टींची पुस्तके मागतात. नुसत्या मौजेसाठी वाचलेले धम्मात चालते काय?”

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी मला माझ्याच एका चुकीची कबुली द्यावयाची आहे. गेल्या वर्षी याच दिवसांत एका संध्याकाळी मी कचेरीतून घरी आलो, तेव्हा माझी बारा वर्षांची मुलगी उंबऱ्यात बसून एक रहस्यकथा वाचीत होती. मी आल्याचेही तिला कळले नाही. मला राग आला. “तीन महिने ग्रंथ ऐकलास, त्याचे हेच का फळ?” असे म्हणून मी ते पुस्तक तिच्या हातून काढून घेतले आणि कपाटावर ठेवून दिले. ती काही बोलली नाही. आत भाकरी थापीत बसलेली माझी आई मात्र बोलली. तिला अक्षरओळख नाही. ती म्हणाली, “बाबा, माझ्या आईला कंदी निवांत बसाया मिळालं न्हाई. बसली की कुनीतरी हाक मारायचं. आता या पोरीला कुनी हाक मारीत न्हाई, तर तू मारतूस व्हय?”

मी पंचवीस वर्षे कायद्याची पुस्तके चाळीत आलो आहे. पण या वाक्यातील कायदा मला तोवर उमगला नव्हता. तोच आज तुमच्यापुढे मांडतो.

आपल्यापैकी पुष्कळांच्या पूर्वजांकडे वतन होते. त्याला वतन म्हणत, पण ते बेडीसारखे होते. जमिनीचा एक तुकडा आणि बलुते यांच्या मोबदल्यात गावचे व सरकारचे काम रात्री-अपरात्री करावे लागे. वतनदार घरी नसला तर घरातल्या दुसऱ्या माणसाला जावे लागे. १८७४ च्या वतन कायद्याने या व्यवस्थेला सरकारी शिक्का मिळाला होता. ती मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक मांडले. प्रत्यक्षात ही कनिष्ठ वतने रद्द होण्यास १९५८ चा कायदा यावा लागला. सारांश, आपल्या आजा-पणजांच्या श्रमावर तर दुसऱ्याचा हक्क होताच, पण त्यांच्या वेळेवरही होता. ज्याचा वेळ दुसऱ्याच्या मालकीचा आहे, त्याला रिकामी घटका नसते. आणि ज्याला रिकामी घटका नाही, त्याच्या हाती पुस्तक येणार कोठून? शाळेची दारे बंद होती हे आपण नेहमी सांगतो. फुरसतीचेही दार बंद होते, हे सांगावयाचे आपल्याकडून राहून जाते.

बाबासाहेबांच्या मात्र ते नीट ध्यानात होते. यंत्राला नावे ठेवणाऱ्यांना त्यांनी असे उत्तर दिले की, माणसाला फुरसत मिळाल्यावाचून त्याच्या जीवनात संस्कृती येत नाही आणि यंत्र ही फुरसत देऊ शकते. ते मजूरमंत्री असताना, १९४६ साली, कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. पुढे संविधानाच्या ४३ व्या अनुच्छेदात, कामगाराला नुसती मजुरी नव्हे, तर फुरसतीचा पूर्ण उपभोग आणि सांस्कृतिक संधीही लाभावी, असे ध्येय राज्यापुढे ठेवण्यात आले. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, ते न्यायालयातून बजावून घेता येत नाही, असे माझे वकील मित्र म्हणतील. ते खरे आहे. पण आपल्या स्वतःच्या घरात ते बजावण्यास कोणत्या न्यायालयाची आडकाठी आहे?

हे झाले कायद्याचे. आता धम्माच्या बाजूने पाहू. सोण नावाचा एक भिक्षू होता. त्याने साधनेत इतका अट्टहास केला की चालून चालून त्याचे पाय रक्ताळले. तो गृहस्थाश्रमात असताना वीणा वाजवीत असे, म्हणून भगवंतांनी त्याला विचारले की, तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजते काय? आणि फार सैल सोडल्या तर? सोण नाही म्हणाला. जी गोष्ट वीणेची तीच साधनेची, असे भगवंतांनी त्याला समजाविले. तीन महिने अभ्यास केलेल्या मनाला थोडी उसंत देणे म्हणजे धम्म सोडणे नव्हे. पुढच्या अभ्यासासाठी तार जुळविणे होय.

दुसरी साक्ष आपल्या महाराष्ट्राच्या डोंगरांतच आहे. पावसाळ्यात भिक्षूंना निवारा मिळावा, हाही लेणी खोदण्याचा एक हेतू होता. अजिंठ्याच्या लेण्यांत जाऊन भिंती पाहा. पहिल्या लेण्यात महाजनक जातक, दहाव्यात सहा सुळ्यांच्या हत्तीचे छद्दन्त जातक, सतराव्यात वेस्सन्तर जातक रंगविलेले आहे. जेथे ध्यान झाले, तेथेच राजे, हत्ती, जहाजे आणि बाजार यांच्या कथाही रंगल्या. पाली जातकसंग्रहात ५४७ कथा आहेत. गोष्टीला पाप मानणारा धम्म इतक्या कथा जपून ठेवता ना.

एक आक्षेप मला ठाऊक आहे. कोणी म्हणेल की, अष्टशीलात नृत्य, गीत, वाद्य आणि तमाशे पाहण्यापासून अलिप्त राहण्याचा नियम आहे. नियम वाचताना तो कोणाला व केव्हा लागू आहे, हे आधी पाहावे, असे वकिलीचे पहिले सूत्र आहे. अष्टशील हे उपोसथाच्या दिवसाचे व्रत आहे. तो दिवस आपण अवश्य पाळू. गृहस्थाचे नित्याचे शील पंचशील होय, आणि त्याच्या पाच कलमांत कथा वाचू नये असे कोठेही म्हटलेले नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बाहेरच्या पुस्तकांत जुने देव, नवस आणि चमत्कार येतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात ती कशी चालतील? मी असे विचारतो की, आपली प्रतिज्ञा इतकी नाजूक आहे काय की गोष्टीतल्या वेताळाने ती मोडावी? प्रतिज्ञा पूजेविरुद्ध आहे, वाचनाविरुद्ध नव्हे. बाबासाहेबांनी जे ग्रंथ नाकारले, ते आधी वाचले. कालामांना भगवंतांनी ऐकीव गोष्ट पारखून घेण्यास सांगितले. आणि पारख करण्यासाठी वस्तू हातात घ्यावीच लागते. मूल विचारील, “असे खरेच घडते काय?” तेव्हा त्याच्याशी बोला. पुस्तक काढून घेऊ नका.

आणि ज्या पुस्तकामुळे आपण आज येथे आहोत, ते कोणत्या अभ्यासक्रमात होते? भीमराव शाळकरी असताना चर्नी रोडच्या बागेत बसून वाचीत असत. तेथे कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना पाहिले. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, तेव्हा गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. तेथून १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरपर्यंतची वाट आपण जाणता. मुलाला हव्या असलेल्या पुस्तकांसाठी सुभेदार रामजींनी लेकींचे दागिने मागून आणले होते. आपल्याला इतके करावे लागत नाही. हातातले पुस्तक हिसकावून घेतले नाही, तरी पुरे.

आज आपल्याच माणसांनी लिहिलेली किती पुस्तके मराठीत आहेत! अण्णाभाऊ साठ्यांची ‘फकिरा’ १९५९ साली आली आणि ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. १९६३ साली बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. १९८६ साली बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने आले. फलटणच्या आपल्या लहानशा दुकानात पुड्या बांधण्यासाठी आणलेल्या कागदावरचा मजकूर त्या वाचीत आणि स्वतःचे लिहिलेले घरच्यांपासून लपवून ठेवीत. आपल्या घरातील एकाही बाईला अशी लपवाछपवी करावी लागू नये.

सबब माझी विनंती अशी आहे. पुढील आषाढापर्यंत रोज रात्री अर्धा तास घरात वाचनाचा ठेवा. त्या वेळी मोबाइल बाजूला राहू द्या. ज्यांना अक्षर येत नाही, त्यांच्यासाठी एकाने मोठ्याने वाचावे. सुनेला त्या वेळी पाण्यासाठीसुद्धा उठवू नका. आपले आपण घ्या. मुलाला गोष्ट संपताच “तात्पर्य काय?” असे विचारू नका. हसला तर त्याच्याबरोबर हसा. गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे सभासद व्हा. महाराष्ट्रात १९६७ पासून ग्रंथालयांचा कायदा आहे आणि शासनाच्या अनुदानावर चालणारे वाचनालय सर्वांचे आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून तेथे कोणी अडविले, तर १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा ठरतो. तसा प्रसंग आला तर माझ्याकडे या. फी लागणार नाही.

त्या संध्याकाळी मी कपाटावरचे पुस्तक खाली काढले आणि मुलीला परत दिले. तिने पान शोधले, पण तिला ते सापडेना. माझ्या रागापायी तिची खूण गळून पडली होती. मग आम्ही दोघांनी मिळून ते शोधले. शोधता शोधता मी चार पाने वाचली आणि मलाच पुढे काय झाले ते कळेना म्हणून चैन पडेना. आई चुलीपासून म्हणाली, “आता मोठ्यांदी वाचा, मलाबी ऐकू द्या.” त्या रात्री आमच्या घरी जेवणास उशीर झाला.

असा उशीर तुमच्याही घरी होवो, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो. जयभीम. नमो बुद्धाय.