न्यायाचें माप एकच असावें

(पारोळें येथें जमलेल्या शेतकरी, कामकरी व शिक्षक बंधुभगिनींपुढें केलेलें भाषण)



आजचा विषय ऐकून पुष्कळांना नवल वाटलें असेल. सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश कोणी नेमावा आणि नेमलेल्या माणसास विरोध कोणी करावा, हा दिल्ली-मुंबईच्या बॅरिस्टरांचा विषय. त्याचें पारोळ्यांत काय काम, असें कोणी म्हणेल. आम्ही तर खेड्यांतले शाळामास्तर. कायद्याची पदवी आमच्याजवळ नाहीं. पण ज्याच्या शेताचा बांध, ज्याच्या जमिनीचा मोबदला, ज्याच्या मुलाची राखीव जागा कोर्टाच्या एका ओळीवर अवलंबून आहे, त्यानें ती ओळ लिहिणारा हात कोण निवडतो हें विचारूं नये, असें कोणत्या शास्त्रांत सांगितलें आहे? इथला दावा जिल्ह्याच्या कोर्टांत जातो, तेथून हायकोर्टाच्या औरंगाबाद, म्हणजे आतांच्या छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठापुढें जातो, आणि तेथेंही समाधान न झालें तर दिल्लीस जातो. दाव्याचें गाडें जेथपर्यंत जातें, तेथपर्यंत आमची नजरही गेली पाहिजे.

पहिली गोष्ट १९७३ सालची. ता. २४ एप्रिल रोजीं सुप्रीम कोर्टाच्या तेरा न्यायाधीशांनीं केशवानंद भारती यांच्या दाव्याचा निकाल दिला. पार्लमेंटला घटना दुरुस्त करतां येईल, पण तिचा मूळ पाया उखडतां येणार नाहीं, असें सात जणांचें मत पडलें. सहा जण विरुद्ध होते. दुसऱ्याच दिवशीं इंदिरा गांधींच्या सरकारनें शेलत, हेगडे व ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना बाजूस सारून अजितनाथ राय यांस चीफ जस्टिस केल्याचें जाहीर झालें. तिघेही बहुमताच्या बाजूचे होते. राय अल्पमताच्या बाजूचे होते. तिघांनीं राजीनामे दिले. वकीलवर्ग खवळला. मुंबईचे छागला, पालखीवाला यांसारखे नामांकित कायदेपंडित उघड विरोधास उभे राहिले. मंत्री मोहन कुमारमंगलम् यांनीं लोकसभेंत उत्तर दिलें कीं, चीफ जस्टिस निवडतांना त्याची सामाजिक विचारसरणी पाहण्याचा सरकारला हक्क आहे.

आतां येथें बहुजनसमाजाच्या मनांत एक मोह उभा राहतो, तो आम्ही झाकून ठेवीत नाहीं. १९७० सालीं बँकांचें राष्ट्रीयीकरण आणि संस्थानिकांचे तनखे या दोन्ही प्रकरणांत सुप्रीम कोर्टाचें बहुमत सरकारच्या विरुद्ध गेलें होतें. बाजूस सारलेले तिघे त्या बहुमतांत होते, आणि राय हे दोन्ही वेळां सरकारच्या बाजूनें उभे होते. मग गरिबानें राय यांच्या नेमणुकीवर आनंद कां मानूं नये? धनिकांच्या बाजूचे न्यायाधीश गेले, बरें झालें, असें कां म्हणूं नये?

त्याचें उत्तर तीनच वर्षांत मिळालें. आणीबाणींत हजारों माणसें चौकशीशिवाय तुरुंगांत डांबलीं गेलीं. नऊ हायकोर्टांनीं म्हटलें होतें कीं, अशा कैद्यास निदान कोर्टाचें दार ठोठावतां येईल. ता. २८ एप्रिल १९७६ रोजीं राय यांच्या अध्यक्षतेखालील पांच न्यायाधीशांपैकीं चौघांनीं तें दारही बंद केलें. एकटे हंसराज खन्ना विरुद्ध राहिले, आणि पुढच्या जानेवारींत चीफ जस्टिसची पाळी त्यांची असतां ती जागा बेग यांस मिळाली. खन्नांनीं राजीनामा दिला. सरकारला सोयीचा न्यायाधीश हा गरिबालाही सोयीचा असतो, ही समजूत अशी फुटली. वरच्या दारावर अडसर पडला कीं झोपडीवाला सर्वांत आधीं बाहेर राहतो.

आतां आमच्या महाराष्ट्राची गोष्ट. १९७८ सालीं बेग निवृत्त व्हावयाचे होते. ज्येष्ठतेनें पाळी यशवंत विष्णु चंद्रचूड यांची होती. पुण्यांत शिकलेला मराठी माणूस देशाचा चीफ जस्टिस होणार, म्हणून अनेकांना अभिमान वाटत होता. पण त्या चौघांत एक नांव त्यांचें होतें. मुंबईच्या वकीलमंडळींनीं निवेदन काढलें कीं, ज्यांनीं आणीबाणींत नागरिकाचा हक्क सोडून दिला त्यांस हें पद देऊं नये. मराठी शहरांतून मराठी न्यायाधीशाविरुद्ध निवेदन निघालें, आणि तें जातीसाठीं नव्हतें, प्रांतासाठीं नव्हतें, त्यांच्या लेखी निकालासाठीं होतें. आमच्या मतें अशा विरोधाची इज्जत राखली पाहिजे.

तेव्हां सरकार जनता पक्षाचें होतें. त्यांतले कित्येक पुढारी याच कायद्यानें तुरुंग भोगून आलेले होते. सूड घेण्यास इतकी चांगली संधि दुसरी नव्हती. पण कायदेमंत्री शांतिभूषण यांनीं न्यायाधीशांचीं मतें घेतलीं, आणि मोरारजी देसाईंच्या सरकारनें ज्येष्ठता मोडली नाहीं. फेब्रुवारी १९७८ मध्यें चंद्रचूड चीफ जस्टिस झाले आणि १९८५ पर्यंत राहिले.

कोण बरोबर होतें? १९७३ सालीं ज्या वकीलवर्गानें ज्येष्ठता मोडली म्हणून हाक मारली, त्याच वर्गांतून पांच वर्षांनीं ज्येष्ठता मोडा अशी मागणी आली. घेण्याचें माप एक आणि देण्याचें दुसरें, अशी शंका यावयाचीच. त्यांचें म्हणणें असें होतें कीं, पूर्वी ताठ कण्याबद्दल शिक्षा झाली, आम्ही वाकलेल्या कण्याबद्दल हरकत घेतों. हा भेद खरा आहे. तरीही आम्हांस वाटतें, हरकत घेणारांनीं हरकत घेतली हें योग्य आणि सरकारनें ज्येष्ठता राखली हेंही योग्य. कारण निकालाबद्दल पद नाकारण्याचें हत्यार आज सज्जनाच्या हातीं दिलें, तर उद्यां तें दुर्जनाच्या हातीं जाणारच. निकालाची दुरुस्ती निकालानेंच व्हावी. ती झालीही. २०१७ सालीं सुप्रीम कोर्टानें १९७६ चा तो निकाल रद्द ठरविला, आणि तसें लिहिणारांत यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते.

विरोध चुकतोही, त्याचा दाखला घ्या. केरळांत १९५७ सालच्या कम्युनिस्ट मंत्रिमंडळांत मंत्री असलेले कृष्ण अय्यर १९७३ सालीं सुप्रीम कोर्टावर आले. राजकारणी माणूस म्हणून वकीलवर्गांतून त्यांच्या नांवाला विरोध झाला. त्याच गृहस्थांनीं पुढें तुरुंगांतल्या बेड्या घातलेल्या कैद्याची दाद घेतली आणि गरिबाला कोर्टाची पायरी चढतां येईल असे निकाल दिले. केवळ पक्षाचा शिक्का पाहून माणूस तोलला तर असें होतें.

दुसऱ्या देशांतही मापाचा हाच घोळ आहे. अमेरिकेंत न्यायाधीशाच्या नांवावर सेनेट मत देतें. १९८७ सालीं बोर्क यांचें नांव तेथें ४२ विरुद्ध ५८ मतांनीं पडलें. पण सर्वांसमक्ष प्रश्न विचारून पडलें. २०१६ सालीं मात्र निवडणुकीचें वर्ष आहे असें सांगून गार्लंड यांची सुनावणीच झाली नाहीं. आणि २०२० सालीं त्याच पक्षाच्या बहुमतानें निवडणुकीस आठच दिवस उरले असतां बॅरेट बाईंची नेमणूक मंजूर केली. दार उघडें असून भागत नाहीं, मापही एक लागतें.

आपल्या घटनेच्या वेळींही हा वाद झाला होता. ता. २४ मे १९४९ रोजीं घटना परिषदेंत शिब्बनलाल सक्सेना यांनीं सुचविलें कीं, नेमणुकीस पार्लमेंटच्या दोनतृतीयांश सभासदांची संमति असावी. दुसऱ्या एका सभासदानें चीफ जस्टिसची संमति आवश्यक करावी असें सुचविलें. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं दोन्ही सूचना नाकारल्या. पहिलींत राजकारणाचा दाब येईल, आणि दुसरींत एका माणसाच्या हातीं नकाराचा अधिकार जाईल. चीफ जस्टिस कितीही थोर असला तरी त्यालाही सामान्य माणसाचे गुणदोष असतातच, असा त्यांचा विचार होता. पण १९९३ सालच्या निकालानें ती सत्ता ज्येष्ठ न्यायाधीशांनीं आपल्याकडे घेतली. तिलाच कॉलेजियम म्हणतात. पार्लमेंटनें २०१४ सालीं त्याऐवजी आयोग नेमण्याचा कायदा केला, तो सुप्रीम कोर्टानें २०१५ सालीं चार विरुद्ध एक मतानें रद्द केला. सरकारच्या हातीं किल्ली होती तेव्हां काय झालें तें आपण पाहिलेंच. आज किल्ली न्यायाधीशांच्या हातीं आहे. बहुजनसमाज दोन्ही वेळां ओट्याखालींच उभा आहे.

हें आम्ही उगीच म्हणत नाहीं. २०१८ पासून १९ डिसेंबर २०२२ पर्यंत हायकोर्टांवर ५३७ न्यायाधीश नेमले गेले. सरकारनेंच पार्लमेंटच्या समितीस सांगितलें कीं, त्यांत शेकडा ७९ खुल्या वर्गांतले, शेकडा ११ इतर मागासवर्गीय, आणि अनुसूचित जातींचे शेकडा तीनही नाहींत. अमरावतीचे भूषण गवई २०२५ सालीं चीफ जस्टिस झाले याचा आनंद मोठा आहे. पण एका दिव्यानें साऱ्या गांवाची दिवाळी होत नाहीं.

त्याच २०२५ सालीं मुंबई हायकोर्टासाठीं कॉलेजियमनें सुचविलेल्या एका वकील बाईंच्या नांवावर आमदार रोहित पवार व काँग्रेस यांनीं हरकत घेतली. त्या भाजपच्या प्रवक्त्या होत्या, हें कारण. त्यांनीं २०२४ च्या जानेवारींतच तें काम सोडलें, असें भाजपचें उत्तर. पुढें नेमणूक झाली. आम्ही कोणाचीच बाजू घेत नाहीं. इतकेंच विचारतों कीं, उद्यां दुसऱ्या पक्षाचा प्रवक्ता न्यायाधीश होऊं लागला तर आज ओरडणारे ओरडतील काय, आणि आज गप्प बसणारे गप्प बसतील काय? ज्याला या प्रश्नाचें उत्तर देतां येत नाहीं, त्याचा विरोधही खोटा आणि पाठिंबाही खोटा.

तेव्हां मागणें तीन. ज्याचें नांव सुचवावयाचें त्याच्या योग्यतेचीं कारणें लिहून प्रसिद्ध करावीं, आणि तीं लोकांच्या भाषेंतही असावीं. नेमणुकीपूर्वी सामान्य नागरिकास पुराव्यासह हरकत नोंदवितां यावी, आणि तिला लेखी उत्तर मिळावें. कोणत्या समाजाचे किती न्यायाधीश आले याचा हिशेब दरवर्षीं जनतेपुढें ठेवावा.

आणि एक मागणें तुमच्याजवळ. आपल्या जातीचा म्हणून डोक्यावर घेऊं नका, परक्या जातीचा म्हणून दगड मारूं नका. त्यानें काय लिहिलें तें वाचा. वाचतां येत नसेल तर शाळेंत जाणाऱ्या आपल्या मुलीकडून वाचून घ्या. कपाशी घालतांना तुम्ही व्यापाऱ्याच्या काट्याकडे जसे डोळे लावून उभे राहतां, तसेच या काट्याकडेही पाहत उभे राहा. काटा पाहणारें गिऱ्हाईक समोर असलें, म्हणजे तोलणाराचा हात जपून चालतो.